दोनशे बॉडी मंजूर

माझ्या हातून पृथ्वी पहिल्यांदा सुटली ती एका रविवारी सकाळी सव्वादहाला. पडद्याच्या मधोमध सूर्य पिवळा ठिपका होऊन बसला होता, त्याच्याभोवती पृथ्वी निळा ठिपका होऊन निघाली होती, आणि मी मोठ्या अभिमानाने बायकोला हाक मारली होती. ती हात पुसत येईपर्यंत निळ्या ठिपक्याने दोन फेऱ्या नीट घेतल्या, तिसरी जरा ऐसपैस घेतली, चौथीत ताळच सोडला आणि आठवी घेता घेता तो उजव्या कडेने पडद्याबाहेर निघून गेला.

"कुठे गेली?" बायकोने विचारलं.

"येईल."

आम्ही दोघं पाच मिनिटं नुसता सूर्य बघत बसलो.

"आली की हाक मारा," असं म्हणून ती आत गेली. तिच्या आवाजात उपहास नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे, हे माझं काम. म्हणजे सव्वीस वर्षं गुरुत्वाकर्षणाशी माझा रोजचा संबंध, पण त्याने मला कधी ओळख दाखवली नव्हती. एकदा बायकोचं पुस्तक परत करायला वाचनालयात गेलो, तर फळ्यावर सूचना होती: 'संगणकावर तारे फिरवायला शिका. दहा रविवार. शाळेतलं गणित आठवत असल्यास उत्तम.' मी नुसती चौकशी केली. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तसं वयाचं बंधन नाहीये," ते म्हणाले. 'नाहीये' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की मी त्यांच्याच पेनने तिथल्या तिथे सही केली. आयुष्यातले बरेचसे निर्णय मी असेच घेतले आहेत.

वर्ग घेणाऱ्या बाई वेधशाळेतून निवृत्त झालेल्या. किडकिडीत अंगकाठी, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या लेखी सूर्य, चंद्र, पृथ्वी, तारे यांत काहीच फरक नव्हता. सगळ्यांना त्या सरसकट 'बॉडी' म्हणत. "प्रत्येक बॉडी दुसऱ्या प्रत्येक बॉडीला ओढते. एवढंच आहे. बाकी सगळी हमाली," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हमाली ती अशी: आत्ता ओढ किती आहे ते काढायचं, तेवढा वेग बदलायचा, बॉडी थोडी पुढे सरकवायची, मग नव्या जागेवरून पुन्हा ओढ काढायची. असं लाखो वेळा. माणूस कंटाळतो, संगणक कंटाळत नाही. दहाव्या रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर प्रदर्शन होतं आणि त्यात प्रत्येकाने स्वतः बनवलेला तारकागुच्छ लोकांना दाखवायचा होता.

ही गोष्ट मी बायकोला सांगायला नको होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी तिथे येतोच, आणि गोळ्यांची वेळ सांगता सांगता तिने प्रदर्शनाची वेळही सगळ्यांना सांगून टाकली. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूससुद्धा मला रस्त्यात थांबवून विचारू लागला, "काय, तारे कुठवर आले?"

त्यामुळे पृथ्वी पळाली ही बातमी इमारतीत पसरायला दुपार व्हावी लागली नाही. खालचे काका सगळ्यांत आधी आले. ते पूर्वी टेलिफोन खात्यात होते आणि बिघाड कुठलाही असो, तो वायरीतच आहे यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी संगणकाच्या मागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. पृथ्वी पुन्हा पळाली, मात्र आता आवाज येईनासा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यातच निदान केलं, "वेग जास्त असेल. कमी करून बघा." कमी केला. तरी ती पळाली, फक्त जरा सावकाश. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, "मी असतो तर नियम केला असता. बाहेर जायचं नाही म्हणजे नाही."

हा सल्ला मला पटला, हे मी आज मोकळेपणाने कबूल करतो. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: पृथ्वी ठरावीक अंतराच्या पलीकडे गेली, की तिला उचलून परत आत आणून ठेवायचं. त्यानंतर पृथ्वी कशी शहाण्यासारखी वागू लागली. पुढच्या रविवारी वर्गात मी ती दाखवली. बाईंनी दोन मिनिटं पाहिलं. पृथ्वी कडेला जाई, दचकून आत येई, पुन्हा कडेला जाई.

"ही मधेच उडी का मारते?"

"तिथे कुंपण आहे," मी म्हणालो.

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ऊर्जा तपासा' असं लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. एकूण ऊर्जा पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटच्या दिवशी हवी. माझ्या पृथ्वीची दर फेरीला वाढत होती. म्हणजे घातल्यापेक्षा जास्त दाखवणारा काटा. असा काटा मला एखाद्या दुकानात सापडला असता, तर मी दुकानदाराला चार शब्द सुनावून तो जप्त केला असता. इथे दुकानदार मीच होतो.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. सासूबाई गेल्यानंतर, आठ महिन्यांपूर्वी, बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. ते चौतीस वर्षं बस चालवत होते. आता डोळ्यांनी दगा दिलेला. हलणारं दिसतं, बारीक अक्षर दिसत नाही. ते खिडकीशी बसून रस्त्यावरची वाहनं बघत आणि अधूनमधून, कोणी विचारलेलं नसताना, "एक तारखेला मी माझ्या खोलीवर जातो" असं म्हणत. त्यांनी असं म्हटलं, की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजू लागत. माझं आणि त्यांचं बोलणं म्हणजे "चहा?" आणि "हो". बावीस वर्षांत आम्ही याच्या फार पुढे गेलो नव्हतो. बसायची नोकरी करणाऱ्या माणसाला ते माणूसच समजत नाहीत असा माझा समज होता. ते स्वतः चौतीस वर्षं बसूनच होते, हा मुद्दा मी मनात कितीतरी वेळा घोळवला होता, पण मांडला नव्हता.

कुंपणाच्या अपमानानंतर मी पृथ्वीचा रस्ता मोठ्या कागदावर जाड पेनने काढला. एकेक पाऊल एकेक ठिपका, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा. कागद जेवणाच्या टेबलावर पसरला होता. सासरे पाणी प्यायला आले, वाकले आणि त्या रेघांवरून अंगठा फिरवत गेले.

"हा कुठला घाट?"

"घाट नाही, बाबा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तो रस्ता आहे."

त्यांचा अंगठा बाहेर बाहेर जात कागदाच्या कडेला पोचला.

"ड्रायव्हर नवा दिसतोय," ते म्हणाले.

मी पेनाचं टोपण लावलं.

"जावईबापू, हा वळणाच्या तोंडाशी एकदा रस्ता बघतो आणि मग डोळे मिटून पुढच्या थांब्यापर्यंत सरळ जातो. तिथे डोळे उघडतो, स्टीअरिंग फिरवतो, परत डोळे मिटतो. दर वळणाला गाडी थोडी थोडी बाहेर. दहाव्या वळणाला दरीत."

मी कागदाकडे पाहिलं. माझ्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ ते वाचून दाखवत होते, आणि प्रोग्रॅम त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

"मग काय करायचं?"

"करायचं काय त्यात? वळण दिसलं की अर्धं आधीच घ्यायचं. मग गाडी पुढे न्यायची. पुढे पोचलं की नव्या जागेवरून बघायचं आणि उरलेलं अर्धं घ्यायचं. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे." ग्लास खाली ठेवून ते खिडकीशी जाऊन बसले.

मी तीन ओळी बदलल्या. आधी अर्धा वेग, मग सरकणं, मग नव्या ओढीने उरलेला अर्धा वेग. पृथ्वी निघाली. शंभर फेऱ्या झाल्या, हजार झाल्या. ती आपल्या रस्त्यावरून केसभरही हलली नाही. ऊर्जेचा काटा किंचित खाली-वर व्हायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. मी शिक्का मारला असता असा काटा. पुढच्या रविवारी मी हे वर्गात दाखवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "या रीतीला बेडूकउडी म्हणतात. आपण सातव्या रविवारी शिकणार होतो. तुम्हाला कुणी सांगितली?"

"वाचनात आली," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो, कोण जाणे. खरं तर ठाऊक आहे, पण सांगायचं नाही.

पृथ्वी मार्गी लागल्यावर तारकागुच्छ घ्यायचा होता. वर्गात दुसरा कोणी शंभर तारे घेत होता, कोणी दीडशे. मी हजार जाहीर केले. एकदा कुंपणाचा माणूस म्हणून नाव झालं, की ते पुसायला मोठा आकडा लागतो. वीस ताऱ्यांवर चाचणी केली, ती झकास चालली. मग हजारांचा हिशेब मांडला. प्रत्येक तारा दुसऱ्या प्रत्येकाला ओढणार, म्हणजे दर पावलाला जवळजवळ पाच लाख जोड्या. आमचा संगणक बायकोच्या दुकानातून निवृत्त होऊन आलेला. त्याला सलग अकरा दिवस लागले असते. प्रदर्शनाला उरले होते सतरा दिवस, पण अकरा दिवस संगणक बंद करायचा नाही म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी विषय बदलला.

आमच्या ऑफिसात नोंदणी विभागाला मागच्या वर्षी एक नवा, मोठा संगणक आला होता. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते कोणत्या विभागाने काढायचं, यासाठी समिती नेमलेली होती. सुट्टीच्या दिवशी तो मला वापरू द्यावा, असा मी रीतसर अर्ज केला. छापील फॉर्मवर 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं, 'एक हजार बॉडींच्या हालचालीचे अनुकरण.' 'संख्या' या रकान्यात '१०००'. शेवटी 'कामाअंती विल्हेवाट' असा रकाना होता. तिथे लिहिलं, 'आवश्यकता नाही. आपोआप नाहीशा होतील.'

मला यात त्या वेळी काहीही वावगं वाटलं नाही. सात रविवार बाईंच्या वर्गात काढल्यावर 'बॉडी' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तारेच येत. आस्थापना विभागातल्या कारकुनाच्या डोळ्यांसमोर तसं काही आलं नाही. त्याने फाइल 'सार्वजनिक आरोग्याची बाब' असा शेरा मारून आरोग्य विभागाकडे पाठवली. चार दिवसांनी मला पत्र आलं: 'सदर बॉडी सध्या कोठे ठेवण्यात आल्या आहेत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

संगणक विभागाला तांत्रिक तपशील हवा असेल असं समजून मी तत्परतेने उत्तर दिलं: 'सध्या वीस बॉडी माझ्या राहत्या घरी आहेत. उर्वरित परवानगी मिळाल्यावर.'

दुसऱ्याच दिवशी, मी ऑफिसातून येऊन हातपाय धूत असताना, दाराची घंटा वाजली. सासऱ्यांनी दार उघडलं. मला मोरीतून सगळं ऐकू येत होतं.

"मी आरोग्य निरीक्षक," बाहेरचा माणूस म्हणाला. आवाज तोंडाला फडकं बांधल्यासारखा येत होता. "त्या बॉडी इथेच आहेत का?"

"आतल्या खोलीत," सासरे म्हणाले. "सकाळपासून फिरतायत."

बाहेर काहीतरी धपकन पडलं.

"फिरतायत?"

"काल दोन बाहेर पळाल्या. आज बऱ्यापैकी ताब्यात आहेत."

"घरात आणखी कोण असतं?"

"मुलगी आणि जावई. जावईच बघतो सगळं. ऑफिसातून आला की दार लावून बसतो. रविवारी शिकायला जातो."

"शिकायला? म्हणजे याचा वर्ग असतो?"

"वाचनालयात. बारा जण आहेत."

मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर धावलो. त्या अवतारात मला पाहून निरीक्षक दोन पावलं मागे सरले. तोंडाला मास्क, हातांत रबरी मोजे, काखेत वही. मी त्यांना आत नेलं आणि पडद्यावरचे वीस ठिपके दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मास्क खाली ओढला, एक मोजा काढला आणि खुर्ची ओढून घेतली.

"ह्या दोघी सारख्या एकमेकींभोवतीच का घिरट्या घालतायत?"

"त्यांचं जमलंय," मागून सासरे म्हणाले.

निरीक्षक पाऊण तास बसले. बायकोने चहा दिला. जाताना त्यांनी माझ्यासमोरच शेरा लिहिला, 'समक्ष पाहणी केली. बॉडी आढळल्या. दुर्गंधी नाही.' अर्ज फेटाळावा असं त्यात काही नव्हतं, पण जसाच्या तसा मंजूर करणं म्हणजे आपण नीट वाचला नाही असं दिसतं. म्हणून चार दिवसांनी हुकूम निघाला: 'एक हजारऐवजी दोनशे बॉडी मंजूर. संगणकावरील प्लास्टिकबाबत स्वतंत्र पत्रव्यवहार करावा.'

थोडक्यात, तारे मिळाले, संगणक नाही. मी हुकूम टेबलावर आपटला. बायकोने तो वाचला आणि विचारलं, "दोनशेला किती वेळ लागेल?"

"अकरा दिवसांचा पाचवा हिस्सा," मी चिडून म्हणालो आणि तोंड उघडं ठेवून थांबलो. पाचवा हिस्सा नव्हे. तारे पाच पटींनी कमी झाले की जोड्या पंचवीस पटींनी कमी होतात. पाच लाखांच्या वीस हजार. साडेदहा तास! आमच्याच संगणकावर, घरच्या घरी. ऑफिसातल्या कुठल्याही कपातीने माझं काम सोपं केल्याचा नोकरीतला हा एकमेव प्रसंग.

तोवर प्रदर्शनाच्या आधीचा शनिवार उजाडला होता. सकाळी सात वाजता मी दोनशे तारे सोडले. अकरा वाजता त्यांतले दोन एकमेकांच्या फार जवळ आले. अंतर शून्याकडे गेलं की ओढ भलतीच वाढते. दोघांनी एकमेकांना असा हिसका दिला, की ते दोन दिशांना पार दिसेनासे झाले आणि ऊर्जेचा काटा साफ मोडला. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओढीच्या सूत्रात अंतराला थोडी भर घाला. कितीही जवळ आले तरी हिसका बसणार नाही, असा मऊपणा." तो घातला. हे सोपं होतं. एक वाजता पुन्हा सुरुवात केली.

सासरे दारात उभे होते. "खालच्या काकांना सांगून ठेवा," ते म्हणाले. "सकाळपासून मीटरच्या पेटीपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे आहेत."

"बघतो," मी म्हणालो आणि बघितलं नाही.

चार वाजता पंखा थांबला, दिवा गेला, आणि पडद्यावरचे दोनशेच्या दोनशे तारे एका क्षणात मावळले. काकांनी जिन्यातली घंटा दुरुस्त करायला मेन स्विच काढला होता. वीज दहा मिनिटांत आली. तीन तासांचं काम कुठून येणार?

"मी सांगत होतो," सासरे म्हणाले.

"बस चालवणं वेगळं, बाबा," मी म्हणालो. "यातलं तुम्हाला काय कळतं?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मागे घेता येईना. ते खिडकीशी जाऊन बसले. जेवताना त्यांनी बायकोला शांतपणे सांगितलं, "येत्या एक तारखेला मी जातो. आता नक्की." या वेळी भांडी वाजली नाहीत. ते जास्त वाईट होतं. बायको माझ्याशी एवढंच बोलली, "ज्यांनी तुमची पृथ्वी परत आणली, त्यांना असं बोलता?"

रात्रभर संगणक चालू ठेवू का, असं बायकोला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून रविवारी सकाळी सहाला मी पुन्हा तारे सोडले. साडेचारला काम संपणार, पाचला प्रदर्शन. एवढ्यात बायको धावत आली. "बाबा खोलीत नाहीयेत."

चपला नव्हत्या. काठी नव्हती. आम्ही दोघं जिना उतरून खाली धावलो. सासरे तळमजल्यावर मीटरच्या पेटीला पाठ लावून, घडीच्या खुर्चीवर बसले होते. काठी आडवी मांडीवर.

"बाबा, इथे काय करताय?"

"बसलोय," ते म्हणाले. "साडेचार ना?"

ते उठले नाहीत. चहा तिथेच, जेवण तिथेच. दहा वाजता खालचे काका नवी घंटा घेऊन आले. त्यांना परत पाठवलं. साडेअकराला मीटर वाचायला आलेल्या माणसाला आकडे लांबूनच वाचायला लावले. दुपारी सेक्रेटरींनी विचारलं, ही जागा सोसायटीची सामाईक आहे, कोणाच्या परवानगीने बसलात? तर सासरे म्हणाले, "दोनशे मंजूर आहेत. वर हुकूम आहे, वाचून या." सेक्रेटरी वर आले, हुकूम वाचला आणि पायांचा आवाज न करता खाली गेले.

मी दर तासाला खाली जाऊन उभा राहत होतो. माफी मागायची होती. पण दर वेळी तोंडातून "चहा?" एवढंच येई आणि ते "हो" म्हणत. सहा चहा झाल्यावर बायकोने दूध संपल्याचं सांगितलं.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी काम संपलं. आम्ही तिघं रिक्षात बसून वाचनालयात पोचलो तेव्हा हॉल भरलेला होता. बायकोचं निम्मं गिऱ्हाईक आलं होतं. खोकला तर चहूकडून ऐकू येत होता. आरोग्य निरीक्षकही तिसऱ्या रांगेत होते, बिनमास्कचे.

माझी पाळी आली. मी आधी रीत थोडक्यात सांगितली. हा चित्रपट मी स्वतःही शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. दोनशे ठिपके अंधारात हळूहळू सरकू लागले, मधोमध दाटले, पसरले, परत दाटले. हॉलमधला खोकला थांबला. मला वाटलं, आता शिक्का मारायला हरकत नाही. तेवढ्यात एक तारा मधल्या गर्दीतून निघाला, कडेला आला आणि सगळ्यांच्या देखत पडद्याबाहेर गेला.

"गेला!" कोणीतरी म्हणालं. मागे कोणी हसलं. कुंपणाची आठवण असलेले अकरा जण तिथे हजर होतेच.

"चूक झाली असेल," मी माइकवर म्हणालो. "मी तपासून..."

"ऊर्जा बघा," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

मी बघितली. काटा जागेवर होता.

"मग चूक नाही," बाई उठल्या. "खऱ्या आकाशातही असंच होतं. घोळक्यात एकमेकांना ओढता ओढता एखाद्याच्या वाट्याला जास्त वेग येतो आणि तो कायमचा निघून जातो. तो आपल्याबरोबर थोडी ऊर्जा नेतो. मागे राहिलेले मग आणखी जवळ येतात. हे दिसलं, म्हणजे गणित बरोबर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "तुम्ही मघाशी म्हणालात, आधी अर्धा वेग बदलायचा, मग सरकायचं. अर्धा का? सगळा का नाही?"

मला सूत्र पाठ होतं. मी ते म्हणून दाखवलं. विचारणाऱ्या बाईंचा चेहरा होता तसाच राहिला. मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. आता आणखी चार चेहरे तसे झाले. मी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं, त्या मजेत माझ्याकडे पाहत होत्या. मग मी मागे, शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"हे मी वाचलेलं नाही," मी म्हणालो. "वर्गात मी तसं सांगितलं होतं, ते खोटं होतं. मला हे माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ते मागे बसले आहेत. यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

माना वळल्या. सासरे काही वेळ बसूनच राहिले. मग काठी टेकत उभे राहिले आणि तिथूनच, माइक न घेता, बोलले. त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. साठ माणसांच्या बसमध्ये 'पुढे सरका' म्हणण्यासाठीचा तो आवाज होता. वळण, थांबा, मिटलेले डोळे, दरी. मग अर्धं आधी, अर्धं पोचल्यावर. हात हवेत स्टीअरिंगवर धरले होते आणि ते फिरवताना त्यांच्याबरोबर निम्मा हॉल डावीकडे झुकला. प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणाल्या, "असं होय!"

आम्ही तिघं रिक्षाने घरी परतलो. जिन्यापाशी मी त्यांचा हात धरला.

"बाबा, काल मी जे बोललो ते..."

"पायरी बघा," ते म्हणाले.

माझी माफी तेवढ्यावर संपली. त्यांनी ती स्वीकारली की नाही, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या सत्राची नावनोंदणी सुरू झाली होती. मी सकाळी अकराला गेलो, तर टेबलामागचे तेच गृहस्थ म्हणाले, "बारा जागा होत्या, भरल्या. बारावी तुमच्या घरातूनच आहे. साडेनऊलाच आले होते." त्यांनी फॉर्म दाखवला. अक्षर बायकोचं होतं. 'पूर्वानुभव' या रकान्यात लिहिलं होतं, 'चौतीस वर्षे.' कशाचा, ते लिहिलेलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. माझं नाव प्रतीक्षायादीत दुसरं आहे.

एक तारीख आली आणि गेली. बायकोने विचारलं, "मग बाबा, खोलीवर?" तर ते म्हणाले, "दर रविवारी वर्ग आहे. खोलीवरून यायला दोन बस बदलाव्या लागतात."

त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून प्रोग्रॅम ते तोंडी सांगतात आणि मी टाइप करतो. माझ्याच खुर्चीत ते बसतात, मी बाजूच्या स्टुलावर. मी काही सुचवलं तर ते म्हणतात, "आधी सांगितलं ते लिहा, जावईबापू." रविवारी मी त्यांना वर्गाच्या दारापर्यंत सोडतो आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतो. खालच्या काकांना आता मेन स्विचला हात लावायच्या आधी वर येऊन विचारावं लागतं.

गेल्या शनिवारी आम्ही दोन आकाशगंगांची टक्कर लावली. एकीत तीनशे तारे, दुसरीत तीनशे. दोन रेखीव चकत्या दोन बाजूंनी एकमेकींवर चालून आल्या. बायको दुकानातून येऊन दारात उभी राहिली. मी कानांवर हात ठेवायचे तेवढे बाकी होते. चकत्या एकमेकींत घुसल्या, वाकल्या, मागे लांबच लांब शेपट्या सोडत एकमेकींतून आरपार निघाल्या. सहाशे तारे, आणि एकही दुसऱ्याला धडकला नाही.

सासरे पडद्याला नाक लावून बसले होते. हलणारं त्यांना दिसतं.

"परत लावा," ते म्हणाले.

मी परत लावलं. दुसऱ्यांदा सगळं निघून गेल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "इतकी गर्दी, दोन्हीकडून एकदम, ना सिग्नल ना हॉर्न. आणि कोणाला खरचटलंसुद्धा नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जावईबापू, एवढं चांगलं मी आयुष्यात चालवलं नाही."